वस्त्रे साताऱ्याची, सत्ता पुण्याची

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभं राहून तीस वर्षं काढलेला माणूस आहे. वाचायची सवय लागली ती रात्रपाळीमुळे. सकाळी घरी आल्यावर झोप यायची नाही, मग वाचनालयातून आणलेलं पुस्तक हातात घ्यायचो. त्यामुळे माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई नसेल. पण जे सांगेन ते तपासून सांगेन, एवढा शब्द देतो.

आजचा विषय मला एका मुलाने दिला. आपल्या वस्तीतली काही कुटुंबं लुंबिनीच्या यात्रेला गेली होती. परत आल्यावर त्यांच्यातला एक कॉलेजचा मुलगा मला म्हणाला, "काका, तिथला गाईड सांगत होता की नेपाळात राजा होता, पण शंभर वर्षं राज्य पंतप्रधानच करत होता. राजा असून असं कसं चालेल?" मी त्याला म्हणालो, "बाळा, त्यासाठी हिमालयात जायला नको. गंगापूर रस्त्याने आनंदवल्लीपर्यंत चल. ही गोष्ट आपल्या दारातली आहे."

ही गोष्ट म्हणजे पेशवेपदाची. पेशवाईला शिव्या घालायला मी उभा राहिलेलो नाही. शिव्या घातल्या की टाळ्या मिळतात, पण डोक्यात काही शिरत नाही. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की नोकराचं पद धन्याचं पद कसं होतं.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. ते सांगायचे, मालक खात्यात कधी दिसायचा नाही, त्याचा फक्त फोटो ऑफिसात. खात्यात राज्य जॉबरचं. बदलीवाल्याला आज काम द्यायचं की माघारी पाठवायचं ते जॉबर ठरवणार, कामाला लावायची दस्तुरी जॉबर घेणार, पुढे जॉबरच्या जागी जॉबरचाच पुतण्या येणार. कागदावर तो मालकाचा पगारी नोकर होता. पण कामगार नमस्कार कुणाला घालत होता? जॉबरला. ही जॉबरची आकृती डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. अष्टप्रधान नेमले गेले. त्यात पहिला मुख्य प्रधान, म्हणजेच पेशवा. शब्द फारसी, अर्थ पुढे चालणारा. मोरोपंत त्र्यंबक पिंगळे तेव्हा त्या पदावर होते. त्यांची नेमणूक वर्षाला १५,००० होन. इथे महाराजांची दृष्टी बघा. पगार रोख द्यायचा, पदाबरोबर वतन द्यायचं नाही. कारण वतन दिलं की माणूस मुळं धरतो, आणि मुळं धरलेल्या माणसाला उपटणं कठीण. पद हे काम आहे, मिरास नाही, असा हा विचार होता.

पुढे मोगलांशी लढाईचा काळ आला, राज्य जिंजीपर्यंत गेलं. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रतिनिधी हे नवं पद काढलं आणि ते पेशव्याच्याही वर ठेवलं. म्हणजे तोपर्यंत पेशवा हा अनेकांतला एक होता, आणि सर्वांत वरचासुद्धा नव्हता.

मग बदल कुठे झाला? औरंगजेब १७०७ मध्ये मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला. पण घरात भाऊबंदकी. ताराबाई एका बाजूला, शाहू दुसऱ्या बाजूला, सरदार कुंपणावर. अशा वेळी श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट उपयोगी पडले. कान्होजी आंग्र्यांनी शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं होतं. १७१३ मध्ये पेशवेपद बाळाजींना मिळालं आणि त्यांनी आंग्र्यांना बोलणी करून शाहूंकडे वळवलं. माणूस हुशार होता, मेहनती होता. १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या.

आता वाटणी ऐका, कारण खरी मेख तिच्यात आहे. चौथाईचे १०० रुपये आले असं धरा. त्यातले २५ राजाची बाबती, ६ सहोत्रा, ३ नाडगौंडा, आणि उरलेले ६६ मोकासा. मोकासा जायचा फौजा बाळगणाऱ्या सरदारांकडे. सरदेशमुखी वेगळी, ती राजाची. या रकमा वेगवेगळ्या गावांतून वेगवेगळ्या हातांनी यायच्या. हिशेब इतका गुंतागुंतीचा की तो समजणारा कारकून लागायचा. आणि असे कारकून जमले पेशव्यांच्या दफ्तरात. बंधूंनो, ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात घर. हे लक्षात ठेवा, शेवटी मी याच वहीवर परत येणार आहे.

१७२० मध्ये बाळाजी वारले. पद कुणाला द्यायचं? दरबारातल्या जुन्या मंडळींचा विरोध होता, तरी शाहूंनी त्यांच्या मुलाला, बाजीरावांना, वस्त्रे दिली. वय वीस सुद्धा पुरं नव्हतं. बाजीराव लढवय्ये निघाले यात शंका नाही. पण त्यांनी उभे केलेले शिंदे, होळकर, पवार हे सरदार कुणाच्या शब्दावर घोडा फेकत होते? साताऱ्याच्या की पुण्याच्या? १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. वही होतीच, आता फौज आली आणि वाडा आला.

१७४० मध्ये बाजीराव गेले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बारामतीच्या बाबूजी नाईकांचं नाव पुढे केलं. म्हणजे दुसरा उमेदवार होता. पण शाहूंनी बाजीरावांचा मुलगा नानासाहेब यालाच पेशवा केलं, तोही एकोणीस वर्षांचा. आजोबा, बाप, नातू. कुठल्याही कागदावर हे पद वंशपरंपरेचं आहे असा कायदा नव्हता. तीन वेळा झालं की चौथ्या वेळी कुणी विचारत नाही. रूढी अशीच जन्माला येते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

१७४७ मध्ये शाहूंनी काही दिवस नानासाहेबांना पदावरून दूर केलं होतं. लवकरच परत घेतलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. धन्याला नोकर काढता येत होता, तोपर्यंत ती नोकरी होती. ती शेवटची वेळ. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. गादीवर रामराजे आले. १७५० मध्ये सांगोल्याला करार झाला आणि राज्याचा सगळा कारभार पेशव्यांकडे गेला. त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडलं. पुढची अडुसष्ट वर्षं छत्रपती साताऱ्यात नजरेखाली, नेमून दिलेल्या खर्चात, आणि राज्य पुण्यात.

गंमत बघा, साताऱ्याची वस्त्रे मात्र कधी बंद झाली नाहीत. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी राजाचं नाव, मग स्वतःचं नाव आणि पुढे 'मुख्य प्रधान'. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. त्यांच्या मागे जन्मलेल्या सवाई माधवरावांना वयाच्या चाळिसाव्या दिवशी पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. चाळीस दिवसांचं पाळण्यातलं पोर राज्याचं मुख्य प्रधान! ज्या पदावर शिवाजी महाराजांनी रणात आणि कारभारात मुरलेला माणूस बसवला, त्याच पदावर शंभर वर्षांत दूध पिणारं बाळ बसलं. पद कामाचं राहिलं नाही, रक्ताचं झालं.

आणि नियम बघा कसा फिरतो! पेशव्याने राजाला बाजूला केलं, तसं पेशव्याला त्याच्या फडणविसाने बाजूला केलं. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणविसांचा. साताऱ्याला नावाचा राजा, पुण्याला नावाचा पेशवा, आणि दफ्तर नानांच्या हाती. परत वहीच.

नारायणरावांच्या खुनात चुलते राघोबादादा दोषी आहेत, असं न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांना माझा मुजरा. पण पुढे काय? न्यायाधीशाला दोष सांगता आला, पदावरून काढता आलं नाही. रामशास्त्री स्वतः पुणं सोडून गेले. राघोबांना दूर करायला बारभाईंचं कारस्थान लागलं, लढाया लागल्या, आणि राघोबा इंग्रजांच्या दारात गेले. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव. त्याने १८०२ मध्ये वसईच्या तहावर सही केली आणि तैनाती फौज घेतली. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला काय झालं ते इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला. पद संपलं.

या नाशकात त्या पदाच्या खुणा जागोजागी आहेत. आनंदवल्लीला राघोबादादांचा वाडा होता. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात गंगापुरात राहिल्या. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेबांनी बांधायला घेतलं. आणि काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलं. त्याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या मेहनतीने, आपल्या बापजाद्यांनी सत्याग्रह केला. पेशवाई जाऊन ११२ वर्षं झाली होती, तरी दार बंदच होतं. पद जातं, पण त्याने घातलेले कुलूप मागे राहते.

आता त्या मुलाच्या नेपाळकडे जाऊ. तिथली गोष्ट ऐकताना तुम्हाला वाटेल, नावं फक्त बदलली आहेत.

गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८ मध्ये काठमांडू घेतलं. त्याच्या मागे गादीवर लहान मुलं आली आणि कारभारी मोठे झाले. भीमसेन थापा १८०६ पासून १८३७ पर्यंत मुख्तियार होता. त्याचा शेवट १८३९ मध्ये कैदेत झाला. त्याचा पुतण्या माथवरसिंह पंतप्रधान झाला, त्याचा १८४५ मध्ये खून झाला. आणि १४ सप्टेंबर १८४६ च्या रात्री काठमांडूच्या कोतात दरबारातल्या मातब्बरांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी जंगबहादूर पंतप्रधान! पुढे त्याने राणा हा किताब घेतला. पेशवेपद बापाकडून मुलाकडे जात होतं, राण्यांनी ते भावाकडून भावाकडे जाईल अशी यादीच करून ठेवली. राजाच्या नावामागे पाच श्री, पंतप्रधानाच्या नावामागे तीन श्री. पण हुकूम चालायचा तीन श्रींचा. १९५१ पर्यंत, म्हणजे १०४ वर्षं.

या जंगबहादूरने १८५४ मध्ये मुलुकी ऐन नावाचा कायदा केला. त्यात साऱ्या देशातल्या जाती उतरंडीने लावून दिल्या, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाचं नाही हे सरकारी कायद्यात लिहिलं. म्हणजे जे आपल्याकडे रूढीने चालायचं, ते तिथे पंतप्रधानाच्या शिक्क्याने चाललं.

या दोन घराण्यांची एकदा गाठही पडली. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक मुलगा नानासाहेब १८५७ च्या उठावात हरला आणि १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत शिरला. जंगबहादूर तर इंग्रजांच्या मदतीला लखनौवर फौज घेऊन गेलेला. तरी पेशव्यांच्या घरातल्या बायकांना त्याने काठमांडूत आसरा दिला. मावळलेल्या प्रधानाचं घर चढत्या प्रधानाच्या दारात.

आपल्याला यात आणखी एक धागा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. १९४४ मध्ये राणा पंतप्रधान जुद्ध शमशेर याने बौद्ध भिक्खूंना देशाबाहेर काढलं. गुन्हा काय? धम्माचा प्रचार. लिहून द्या की प्रचार करणार नाही, असं सांगितलं. त्यांनी लिहून दिलं नाही. हे भिक्खू भारतात आले आणि सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष कोण? कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थविर. ज्यांच्याकडून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, तेच!

आता काळ कसा फिरला बघा. १९५० च्या नोव्हेंबरात नेपाळचे राजे त्रिभुवन भारतीय वकिलातीत आश्रयाला गेले. पंतप्रधान मोहन शमशेरने काय करावं? राजाच्या तीन वर्षांच्या नातवाला, ज्ञानेंद्रला, गादीवर बसवलं. सवाई माधवरावाचा पाळणा आठवतो ना? पण लोक पेटले होते. १९५१ च्या फेब्रुवारीत राणाशाही संपली. आणि १९५६ च्या नोव्हेंबरात त्याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद भरली. जिथून बारा वर्षांपूर्वी भिक्खूंना हाकललं होतं, तिथे आपले बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

राणे गेले म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. १९५९ मध्ये बी. पी. कोइराला निवडून आलेले पहिले पंतप्रधान झाले. १९६० च्या डिसेंबरात राजे महेंद्र यांनी त्यांना काढून तुरुंगात टाकलं. आधी प्रधानाने राजाला खाल्लं, मग राजाने प्रधानाला. लोक दोन्ही वेळा बाहेरच. शेवटी २८ मे २००८ ला राजेशाहीच गेली. तेव्हाचा शेवटचा राजा कोण? तोच ज्ञानेंद्र, तीन वर्षांचा असताना पंतप्रधानाने गादीवर ठेवलेला. राणा पंतप्रधानाने बांधलेला सिंहदरबार, जिथे पुढे पंतप्रधानांचं कार्यालय आलं, तो सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनाच्या वेळी पेटवला गेला. आपला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. जाळपोळ मला मान्य नाही, पण वाडे का पेटतात याचा विचार करायला हवा.

मित्रांनो, बाबासाहेबांनी आपल्याला पंतप्रधान दिला तो कसा दिला? वस्त्रे राष्ट्रपतींची, पण आयुष्य लोकसभेचं. घटनेच्या ७५ व्या कलमात मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीने जबाबदार आहे, असं लिहून ठेवलं. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी समजावलं होतं की स्थैर्यापेक्षा जबाबदारीला आपण जास्त किंमत दिली आहे. सरकारची झडती रोज सभागृहात व्हावी आणि मुदत संपली की मतदाराकडून व्हावी. १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. एका मताने! कोत झालं नाही, बारभाई झाली नाही, रक्ताचा थेंब सांडला नाही. १९७५ च्या आणीबाणीत हे पद बेफाम झालं, तेव्हा १९७७ मध्ये मतपेटीने त्याला जागेवर आणलं. राघोबाला काढायला लढाया लागल्या, इथे एक मत पुरलं. संविधान म्हणजे काय, याचं याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

भूतानसारख्या बौद्ध राजेशाहीनेही २००८ च्या घटनेत लिहिलं की कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा पंतप्रधान होता येणार नाही. आणि तथागतांनी तर आपला वारसच नेमला नाही. माझ्यामागे धम्म हाच तुमचा मार्गदर्शक, असं आनंदाला सांगितलं. संघात मतभेद झाला तर शलाका वाटून मत घेत.

आता शेवटचं, आणि ते बोलायला मला जड जातंय.

मी या विहाराचा अकरा वर्षं चिटणीस आहे. गेल्या बैठकीत आपल्यातल्या एका मुलीने, वकिलीचा अभ्यास करते ती, जमाखर्चाची वही बघायला मागितली. मी चिडलो. म्हणालो, "अकरा वर्षं हा कारभार कोण ओढतोय? तेव्हा तू शाळेत होतीस." ती गप्प बसली, सगळेच गप्प बसले. घरी आलो, बायको म्हणाली, "तिनं वही मागितली ना? तुमचा जीव तर नाही मागितला."

रात्रभर झोप आली नाही. वहीत एक पैशाची गफलत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण प्रश्न गफलतीचा नव्हता. बाळाजी विश्वनाथांच्या वहीतही गफलत नसेल. विहाराची किल्ली अकरा वर्षं माझ्या खिशात आहे. मी पाळीवर असलो की माझा मुलगा दार उघडतो, आणि पोरं त्याला आता छोटे चिटणीस म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. खरं सांगतो, बरं वाटलं होतं. त्या रात्री त्याची भीती वाटली. शनिवारवाड्याचा पाया असाच घातला जातो, दगडाने नाही, कौतुकाने.

म्हणून मी माझा राजीनामा अध्यक्षांकडे दिला आहे. सर्वसाधारण सभेत माझे दोन ठराव आहेत. कुठलाही पदाधिकारी तीन-तीन वर्षांच्या दोन मुदतींपेक्षा जास्त राहणार नाही. आणि दर पौर्णिमेला जमाखर्चाची वही वंदनेनंतर टेबलावर उघडी राहील, कुणीही यावं, वाचावं, विचारावं. तुम्ही हे ठराव पाडू शकता. तोही तुमचा अधिकार आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

त्या मुलीची मी इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. वही आज बरोबर आणली आहे. भाषण झाल्यावर तिने ती घ्यावी.

 

नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!